तिरप्या कटासाठी पट्टी हाताने धरू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गणेशोत्सवाच्या निमित्ताने प्लायवूडचे अष्टकोनी मखर घरच्या घरी कसे करावे, याविषयीचा सचित्र लेख नुकताच वाचला. विषय उपयुक्त आहे, दिलेली मापे बरोबर आहेत, आणि दरवर्षी थर्माकोलची आरास आणून विसर्जनानंतर फेकून देण्यापेक्षा पुढची कित्येक वर्षे टिकेल असे मखर करावे, ही लेखकाची कळकळ मला मनापासून पटली. परंतु त्याच लेखात तिरपे कट घेण्याविषयी ‘ॲल्युमिनियमची पट्टी डाव्या हाताने घट्ट दाबून धरावी व उजव्या हाताने कटर चालवावा’ अशी सूचना आहे आणि सोबतच्या छायाचित्रातही तसेच दाखवले आहे. ही सूचना धोक्याची आहे. शिवाय त्या पद्धतीने घेतलेल्या कटांनी अष्टकोन नीट जुळणारही नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बडोद्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतरही या कामाशी माझा संबंध सुटलेला नाही. गणेश चतुर्थीच्या आधीचे काही आठवडे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत संध्याकाळनंतर फेरफटका मारला, तर गल्लोगल्ली कटरचा आवाज ऐकू येतो. मंडळांची मुले दिवसभराची नोकरी किंवा कॉलेज आटोपून रात्री देखाव्याचे काम करतात, घराघरांतून मखरे तयार होत असतात, आणि यांतील बहुतेकांनी सुतारकाम कोणाच्या हाताखाली शिकलेले नसते. वर्तमानपत्रात छापून आलेली कृती अशी मंडळी जशीच्या तशी करतात, आणि म्हणूनच त्या एका वाक्याची मला अधिक काळजी वाटते.

तिरपा कट दोन प्रकारचा असतो आणि अष्टकोनी मखरात ते दोन्ही येतात. मखराच्या पायाची आठ बाजूंची चौकट करताना प्रत्येक पट्टीचे टोक तिच्या पृष्ठावर २२.५ अंश तिरपे कापावे लागते. येथे यंत्राचे पाते उभेच असते, तिरपी असते ती कापण्याची रेघ. त्या पायावर उभ्या करावयाच्या फळ्या कडेला कड लावून जोडताना मात्र रेघ सरळ असते आणि पाते २२.५ अंशांत कलवावे लागते. चौकोनी मखर असेल, तर हाच कोन ४५ अंश होतो. हल्ली घरोघरी होणाऱ्या बिनमुठीच्या कपाटांना बोटे घालण्यासाठी जी उतरती कड ठेवतात, तीही याच दुसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्या प्रकारात यंत्राला वाट दाखवणारी ॲल्युमिनियमची पट्टी फिरण्याची भीती असते आणि दुसऱ्या प्रकारात ती बाजूला सरकण्याची. दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे ती पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) आवळून पक्की करणे.

अचूकतेचा मुद्दा आधी मांडतो. आठ बाजूंच्या चौकटीला सोळा कट असतात. प्रत्येक कटात पट्टी एकाच दिशेने अवघा अर्धा अंश फिरली, तरी सर्व चुका मिळून ८ अंशांची तूट पडते. ७५ मिमी रुंदीच्या पट्टीवर २२.५ अंशांचा कट साधारण ८१ मिमी लांब येतो आणि तेवढ्या लांबीत अर्धा अंश म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. सुटा तुकडा हातात घेऊन पाहिल्यास ही चूक डोळ्यांना दिसणार नाही. पण सात जोड बसवून आठवा जुळवायला गेल्यावर सगळी तूट तेथे एकदम उघडी पडते आणि एका कडेला तब्बल ११ मिमीची फट राहते. मग लांबी (पुट्टी) भरून फट बुजवणे, खिळे ठोकून चौकट ओढून घेणे, वरून कापड लावून झाकणे असे उद्योग सुरू होतात. लेखकाने मापे कितीही काळजीपूर्वक दिली असली, तरी हाताने धरलेल्या पट्टीवर अर्ध्या अंशाची शिस्त पाळणे कोणालाही शक्य नाही, कारण यंत्राची थरथर आणि पुढे जाणारा रेटा हे दोन्ही एकाच वेळी त्या हातावर येत असतात.

आता पट्टी सरकते का, ते पाहू. आपल्याकडे दोन प्रकारची साधने वापरात आहेत. पहिली तयार गाईड रेल. ही ॲल्युमिनियमची रुंद पट्टी असते, यंत्र तिच्यावर बसून चालते, तिच्या खाली रबरासारख्या न घसरणाऱ्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि कापाच्या बाजूला ढलपे उडू नयेत म्हणून एक मऊ कड असते. दुसरे साधन म्हणजे आपल्या बहुतेक मिस्त्रींकडे असतो तो ॲल्युमिनियमचा चौकोनी नळीचा तुकडा. त्याच्यावर यंत्र बसत नाही, यंत्राच्या खालच्या सपाट पायाची कड त्याला घासत पुढे जाते. हा फरक महत्त्वाचा आहे. गाईड रेलवर यंत्राचे वजन पडते, त्या वजनामुळे खालचे रबर प्लायला धरून राहते, आणि म्हणून सरळ पात्याने, स्वच्छ व कोरड्या प्लायवर लांब कट घेताना क्लॅम्प न लावताही रेल बऱ्याचदा जागची हलत नाही. ‘रेलला क्लॅम्प लागत नाहीत’ हा समज यातूनच पसरला आहे. तिरप्या कटात मात्र ही सोय उरत नाही. पाते कलवले की बहुतेक यंत्रांत मोटारीचे धूड रेलच्या बाहेरच्या अंगाला झुकते, वजनाचा मध्य रेलच्या कडेकडे सरकतो आणि रेल दाबून धरणारा भार कमी होतो. यंत्र कडेवरून कलंडू नये म्हणून काही कंपन्यांनी तिरप्या कटासाठी यंत्राच्या पायाला रेलमध्ये अडकणारी खास कळ दिली आहे, ती याच कारणाने. चौकोनी नळीच्या बाबतीत तर वजनाचा आधार मुळातच नसतो. तिच्यावर पडतो तो फक्त बाजूचा रेटा, आणि तिला जागेवर धरायला हात किंवा क्लॅम्प यांखेरीज दुसरे काही नसते.

याच्या जोडीला कटाचा भारही वाढतो. १८ मिमी जाडीच्या प्लायमध्ये सरळ पात्याला १८ मिमी लाकूड कापावे लागते; तेच ४५ अंशांत साडेपंचवीस मिमी होते. यंत्र जड चालते, माणूस नकळत अधिक जोर लावतो, आणि पाते तिरपे असल्यामुळे लाकडाचा प्रतिकार यंत्राला केवळ मागेच नव्हे, तर थोडा बाजूलाही ढकलतो. प्लायवर सनमायका लावलेला असेल, तर पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि त्यावर भुश्शाचा पातळ थर बसला की रेलखालचे रबरही पकड सोडते. वजन कमी, रेटा जास्त आणि पकड ढिली अशा तिन्ही गोष्टी तिरप्या कटात एकाच वेळी घडतात. म्हणून सरळ कटाच्या अनुभवावरून तिरप्या कटाचा अंदाज बांधू नये.

पट्टी कापाच्या मध्येच सरकली तर काय होते, हे सांगताना मला शब्द मवाळ करावेसे वाटत नाहीत. गोल करवतीचे पुढचे दात खालून वर येत लाकूड कापतात आणि मागचे दात वरून खाली जात असतात. पट्टी सरकल्यामुळे यंत्र किंचित जरी वाकडे झाले, तरी पात्याची मागची बाजू चिरेच्या भिंतीला घासते, लाकूड तिला पकडते, आणि खाली जाणारे ते दात लाकडाला रेटून संपूर्ण यंत्र वर व मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते आणि सावध माणसालाही बटण सोडायला वेळ मिळत नाही. तिरप्या कटात यात आणखी एक गोष्ट मिसळते. तिरप्या चिरेत एका तुकड्याची पातळ जीभ दुसऱ्या तुकड्यावर आलेली असते. त्या तुकड्याला खालून आधार नसेल, तर कट संपत आला असताना ती जीभ पात्यावर बसते आणि पाते आवळले जाते.

छायाचित्रातील डाव्या हाताकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. पट्टी दाबण्यासाठी अंगठा वर आहे आणि उरलेली बोटे फळीच्या कडेखाली वळवलेली आहेत. पाते कलवल्यावर त्याचे खालचे टोक बहुतेक यंत्रांत पायाच्या रुंद बाजूकडे, म्हणजे पट्टीच्याच बाजूला सरकते. ४५ अंशांत ते १८ मिमीच्या प्लायखाली किमान १८ मिमी आत गेलेले असते, आणि खाली डोकावणारे दात धरले तर त्याहूनही जास्त. वरून पाहणाऱ्याला पाते बोटांपासून दूर दिसते, पण फळीच्या खाली ते अंतर कमी झालेले असते, आणि तेथे काय चालले आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. बोटे फळीखाली असण्याला कोणतेही समर्थन नाही.

लेखात ज्याला नुसते ‘कटर’ म्हटले आहे, ते यंत्र म्हणजे दगड व टाइल कापण्यासाठी बनवलेले ११० मिमी पात्याचे यंत्र होय. त्यालाच लाकडाचे दातेरी पाते लावून आपल्याकडे सर्रास वापरतात. त्याचा वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास असतो, म्हणजे पात्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर भरतो. लाकडाच्या खऱ्या गोल करवतीला खालच्या बाजूने आपोआप मिटणारे संरक्षक झाकण असते; या यंत्राला ते नसते, आणि बटण सोडल्यावरही उघडे पाते काही वेळ फिरत राहते. लाकडासाठी हे यंत्र वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तिरप्या कटासाठी तर मुळीच नाही. ज्यांना मखरासाठी यंत्र भाड्याने किंवा मागून आणायचे आहे, त्यांनी लाकडाची गोल करवतच आणावी. तिची दोन्ही हातांनी धरण्याची रचना असते, आणि दोन्ही हात यंत्रावर ठेवायचे, तर पट्टी धरायला हात शिल्लकच राहत नाही. क्लॅम्प लावण्याची सवय मग आपोआप लागते.

आता क्लॅम्प कसे लावावेत, ते जरा सविस्तर लिहितो, कारण ‘क्लॅम्प लावा’ एवढेच सांगून भागत नाही.

सर्वप्रथम यंत्राचा प्लग काढून पाते हव्या त्या कोनात कलवावे आणि खोली त्यानंतर ठरवावी. पाते कलवले की त्याची पोच कमी होते. सरळ ३४ मिमी खोल जाणारे यंत्र ४५ अंशांत सुमारे २४ मिमीच जाते. आधी खोली ठरवून मग पाते कलवणाऱ्याचा कट आरपार जात नाही, आणि त्याच चिरेत यंत्र पुन्हा घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाते प्लायच्या खाली थोडेच, दाताच्या उंचीइतके डोकवावे. यंत्रावरील अंशांच्या खुणांवर विसंबू नये. एका टाकाऊ तुकड्यावर कट घ्यावा, त्याच्या दोन भागांपैकी एक उलटा करून, कडेला कड लावून जोडाचा कोन मोजून पाहावा (२२.५ अंशांच्या कटाला १३५ अंश, ४५ अंशांच्या कटाला ९० अंश) आणि कोन खरा झाल्याशिवाय चांगल्या प्लायला हात लावू नये. याच चाचणीत पात्याची रेघ गाईड रेलच्या मऊ कडेशी नेमकी कोठे येते तेही कळते, कारण काही यंत्रांत पाते कलवल्यावर ही रेघ थोडी सरकते.

प्लाय जमिनीवर विटा लावून कापू नये. टेबलावर किंवा सुताराच्या दोन घोड्यांवर (लाकडी आधारांवर) जुना जाड तुकडा पसरावा आणि त्यावर प्लाय ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तुकड्यांना शेवटपर्यंत आधार राहतो आणि पात्याचे दात त्या खालच्या तुकड्यात किंचित शिरतात, ते चालते. पट्टी राखावयाच्या भागावर ठेवावी, टाकाऊ भागावर नव्हे. ती कापाच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे दीडदोनशे मिलिमीटर तरी जास्त असावी, म्हणजे पाते लाकडाला भिडण्यापूर्वीच यंत्र पट्टीला नीट लागलेले असते आणि लाकडातून बाहेर पडल्यावरही काही अंतर लागलेलेच राहते. बहुतेक वाकडे कट सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन इंचांत होतात, आणि त्याचे कारण आखूड पट्टी हेच असते.

मग पहिल्या टोकाला पट्टी खुणेवर आणून क्लॅम्प नुसता बोटाने बसवावा. दुसरे टोक खुणेवर आणावे, तेथेही तसाच हलका क्लॅम्प लावावा, आणि पुन्हा पहिल्या टोकाकडे येऊन खूण पाहावी. दुसरे टोक हलवताना पहिले थोडे तरी हललेले असते, याचा अनुभव प्रत्येक सुताराला आहे. दोन्ही खुणा जुळल्या की मगच आवळावे, आणि तेही एक टोक पूर्ण आवळून मग दुसरे असे न करता आळीपाळीने थोडे थोडे. सी-क्लॅम्पचा स्क्रू फिरताना त्याचे तोंड पट्टीलाही आपल्याबरोबर ओढते, म्हणून तोंडाखाली प्लायचा छोटा तुकडा द्यावा. त्याने पट्टी ओढली जात नाही आणि सनमायक्यावर वळही उठत नाही. आवळल्यानंतर पट्टीच्या मधोमध तळहात टेकवून कापाच्या दिशेने जोराने रेटून पाहावे. खुणा तशाच राहिल्या तर पट्टी पक्की झाली असे समजावे. केसभर जरी सरकल्या तरी पुन्हा आवळावे. या चाचणीत लांब पट्टीचा वाकणारा मध्यही लगेच कळतो. आठ फुटांच्या प्लायवर पातळ पट्टी टोकांना कितीही आवळली तरी मध्ये धनुष्यासारखी वाकते, म्हणून लांब कटासाठी जाड चौकोनी नळी किंवा १८ मिमी प्लायची सहा इंच रुंद सरळ पट्टी घ्यावी.

गाईड रेलला खालच्या खाचेत सरकणारे खास क्लॅम्प मिळतात. त्यांचा वरचा भाग रेलच्या खालीच राहतो, त्यामुळे यंत्राच्या वाटेत काही येत नाही. साधे सी-क्लॅम्प वापरणाऱ्याने मात्र यंत्राचा प्लग काढून ठेवून ते पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा कोरडेच चालवून पाहावे: मोटारीचे अंग क्लॅम्पच्या दांड्याला लागते का, वायर पट्टीच्या कोपऱ्याला अडकते का, आणि खाली क्लॅम्पचा जबडा तिरप्या पात्याच्या वाटेत येतो का. शेवटचा प्रश्न फक्त तिरप्या कटात उद्भवतो, आणि तोच विसरला जातो. लोखंडी जबड्यावर पाते आदळले, तर त्याचे दात तुटून उडतात.

अरुंद पट्ट्यांची अडचण वेगळी आहे आणि मखराच्या चौकटीत नेमकी तीच येते. ७५ किंवा १०० मिमी रुंदीच्या पट्टीवर गाईड तिरपी ठेवली की तिचा अगदी थोडा भाग लाकडावर टेकतो आणि उरलेला दोन्हीकडे अधांतरी राहतो. अशी गाईड एका क्लॅम्पभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. गेल्या वर्षी एका मंडळाच्या मांडवात एक तरुण कार्यकर्ता एकच क्लॅम्प लावून असेच कट घेत होता. तुकडे दिसायला स्वच्छ होते, पण एकावर एक ठेवल्यावर प्रत्येकाचा कोन वेगळा निघाला, आणि कारण समजल्यावर त्यानेच उरलेले सगळे तुकडे पुन्हा आखायला घेतले. उपाय सोपा आहे. कापावयाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्याच जाडीचे टाकाऊ तुकडे चिकटून ठेवावेत, तिन्ही मिळून एक रुंद पाट तयार करावा, तो खालच्या तुकड्याशी पक्का करावा आणि गाईड त्या पूर्ण रुंदीवर टेकवून दोन्ही टोकांना आवळावी. कोन एकदा नक्की झाल्यावर कापावयाच्या पट्टीच्या टोकाशी एक अडथळा ठोकून ठेवला, की गाईड न हलवता एकामागून एक तुकडे सरकवून कापता येतात आणि सोळाही कट एकाच कोनाचे येतात. यासाठी अर्धा तास आधी खर्च होतो, तो पुढे फटी बुजवण्यात वाचतो.

गॉगल, भुश्शासाठी मास्क, सैल बाह्या व अंगठ्या नकोत, या गोष्टी लेखात आल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत.

यावर मिस्त्री मंडळींचे एक म्हणणे मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. घरमालक रोज सकाळी ‘आज किती झाले?’ असे विचारतो, काम फुटावर ठरलेले असते, टेबल लावायला जागा मिळत नाही, आणि प्रत्येक कटासाठी दोन क्लॅम्प आवळत बसलो तर मजुरी निघत नाही, असे ते सांगतात. वर्षानुवर्षे हातावर काम केलेल्या कारागिराच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे. पण यंत्राच्या उसळीला अनुभव दिसत नाही, आणि बोट गेल्यावर त्या कारागिराचा पुढचा सगळा हंगाम बुडतो. म्हणून ही जबाबदारी केवळ मिस्त्रीवर टाकून चालणार नाही. घरात फर्निचर करून घेणाऱ्यांनी काम ठरवतानाच टेबल लावण्यापुरती मोकळी जागा द्यावी, तिरप्या कटांचा वेळ वेगळा धरावा आणि चार चांगले क्लॅम्प नसतील तर ते स्वतः विकत आणून द्यावेत. हजारोंचा प्लाय आणि सनमायका आणणाऱ्या घराला हा खर्च जड नाही, आणि ते क्लॅम्प पुढे घरातही उपयोगी पडतात. मंडळांनीही देखाव्याच्या अंदाजपत्रकात दिव्यांच्या माळांबरोबर ही एक ओळ घालावी.

शासकीय पातळीवरही एक संधी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत सुतारकाम आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी विनंती आहे की कापणाऱ्या अवजारांइतकेच महत्त्व धरून ठेवणाऱ्या अवजारांना द्यावे, आणि तिरप्या कटासाठी गाईड आवळण्याचा सराव प्रत्येक शिकणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावा. नुसते सांगून ही गोष्ट अंगवळणी पडत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी याच शहरात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, आणि कारागिराला त्याच्या कामामागचे कारण त्याच्याच भाषेत समजले पाहिजे, असा तिचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. क्लॅम्प लावण्यामागचे कारणही कारागिराला असेच त्याच्या भाषेत समजावून द्यावे लागेल. ‘लावा’ म्हटले, तर तपासनीस असेपर्यंत लावला जातो. पाते कलवल्यावर वजन कोठे जाते हे एकदा दाखवले, तर तो कोणी न सांगता लावला जातो.

आपणांस दोन विनंत्या आहेत. पहिली, गणेश चतुर्थीपूर्वीच्या पुरवणीत त्या सूचनेची दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि शक्य असल्यास हाताने धरलेल्या पट्टीच्या छायाचित्राऐवजी दोन्ही टोकांना आवळलेल्या पट्टीचे छायाचित्र द्यावे. त्यासाठी लागणारी आकृती मी काढून पाठवण्यास तयार आहे. दुसरी, अष्टकोनाच्या आठ पट्ट्यांची मापे पुन्हा छापाल, तेव्हा त्यांच्याखाली क्लॅम्पची संख्या आणि गाईडची किमान लांबीही साहित्याच्या यादीत घालावी. यादीत नसलेली वस्तू कोणी बाजारातून आणत नाही, आणि रात्री दहाला मांडवात काम सुरू झाल्यावर क्लॅम्पचे दुकान उघडे नसते.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक,
दांडिया बाजार, बडोदे